हर्पिसची टेस्ट: स्वॅब कधी, रक्त कधी आणि काहीच नको कधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २९, शिरोली एमआयडीसीत नोकरी, लग्न दीड महिन्यावर. नऊ दिवसांपूर्वी गोव्यात एका ओळखीच्या मुलीशी संबंध आला. कंडोम होता, पण सुरुवातीपासून नव्हता. चार दिवसांनी तिनं स्वतःच मेसेज करून सांगितलं, की तिला कधीमधी हर्पिस, म्हणजे पाण्याचे फोड आणणारा विषाणूचा आजार, उठतो. यांनी सहाव्या दिवशी कुणालाही न विचारता लॅबमध्ये रक्त दिलं. रिपोर्ट आला (एचएसव्ही म्हणजे हर्पिसचा विषाणू, १ आणि २ हे त्याचे प्रकार, आयजीजी आणि आयजीएम या रक्तातल्या अँटिबॉडीज): एचएसव्ही-१ आयजीजी पॉझिटिव्ह, एचएसव्ही-२ आयजीजी निगेटिव्ह, आयजीएम 'बॉर्डरलाइन'. फोड नाही, पण दोन दिवस खाली थोडी जळजळ आणि खाज आहे. विचारलंय ते असं: "रिपोर्ट आला म्हणजे मला झालंच ना? आणि परत टेस्ट कधी करू म्हणजे एकदाच काय ते क्लिअर होईल?"

मी कोल्हापुरात बरीच वर्षं त्वचा आणि गुप्तरोगांची प्रॅक्टिस करतो, आणि हा प्रश्न जवळपास याच शब्दांत, बहुतेक वेळा याच रिपोर्टसकट, माझ्यासमोर येतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नाही, या रिपोर्टवरून तुम्हाला त्या रात्री काही झालं असं म्हणता येत नाही. झालं नाही असंही म्हणता येत नाही. दुसऱ्या प्रश्नाला एका तारखेत उत्तर देता आलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं, पण ते तुमच्या अंगावर फोड येतो की नाही यावर अवलंबून आहे. फोड आला तर टेस्ट त्याच दिवशी. नाही आला तर बारा आठवडे थांबायचं. मधल्या काळात केलेली प्रत्येक टेस्ट तुमचे पैसे आणि झोप दोन्ही खाणार.

असं का, ते सांगतो. हर्पिससाठी दोन अगदी वेगळ्या तपासण्या आहेत. एकीत फोडातलं पाणी किंवा जखमेचा तळ कापसाच्या काडीनं पुसून त्यात प्रत्यक्ष विषाणू शोधतात. हा स्वॅब, आणि त्यावर करायची पीसीआर. दुसरीत रक्तातल्या अँटिबॉडीज मोजतात, म्हणजे शरीरानं या विषाणूशी पूर्वी कधी गाठ पडल्याची ठेवलेली खूण. पहिली सांगते, ही जखम आत्ता कशाची आहे. दुसरी सांगते, हा विषाणू कधीतरी आत आला होता का. कधी आला, कुणाकडून आला, शरीराच्या कुठल्या भागात बसलाय, यातलं काहीही दुसरी सांगत नाही. बहुतेक गोंधळ होतो तो दुसऱ्या तपासणीला पहिलीचा प्रश्न विचारल्यामुळे.

आता तुमच्या हातातला कागद ओळीनं वाचू.

आयजीजी ही अँटिबॉडी संसर्गानंतर सावकाश तयार होते. काहींच्या रक्तात ती तीन-चार आठवड्यांत सापडते, बहुतेकांच्या बारा आठवड्यांपर्यंत, आणि थोड्या लोकांना सोळा आठवडेही लागतात. सहाव्या दिवशी ती मोजायला जाणं म्हणजे ऊस लावल्यावर सहाव्या दिवशी त्याच्या वजनाला काटा मागवणं. म्हणून तुमची एचएसव्ही-१ची पॉझिटिव्ह आयजीजी ही त्या मुलीची देणगी नव्हे. ती जुनी आहे, बहुधा लहानपणची. घरातल्या कुणाच्या ओठाच्या कडेला ताप उतरताना येतात तसे बारीक पाण्याचे फोड होते आणि त्यानं तुमचा पापा घेतला, एवढं पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे ६४ टक्के लोकांच्या शरीरात एचएसव्ही-१ आहे. तुमच्या लग्नाच्या पंगतीत बसणाऱ्यांचं रक्त काढलं तर निम्म्याहून जास्त लोक पॉझिटिव्ह निघतील, त्यात तुमची आजी आणि भटजीही असू शकतात. आयजीजीचा आकडा मोठा आहे म्हणून आजार 'जोरात' आहे, असंही काही नसतं.

एचएसव्ही-२ची निगेटिव्ह ओळ मात्र कामाची आहे. या संबंधाच्या आधी तुम्हाला एचएसव्ही-२ नसावा, एवढं ती सांगते. पुढे बारा आठवड्यांनी हीच टेस्ट पॉझिटिव्ह आली तर संसर्ग नवा आहे हे ठरवायला तिचा उपयोग होईल. घाईनं केलेल्या टेस्टमधून हाती लागलेली ही एकच चांगली गोष्ट. कागद फाडून टाकू नका. बरेच जण फाडतात, आणि मग तीन महिन्यांनी माझ्यासमोर बसून आठवायचा प्रयत्न करतात.

आणि आयजीएम? त्या ओळीवर पेनानं काट मारा. आयजीएम म्हणजे ताजा संसर्ग, असं शाळेत शिकल्यासारखं सगळ्यांना वाटतं, काही डॉक्टरांनाही. हर्पिसच्या बाबतीत ते लागू पडत नाही. जुना हर्पिस पुन्हा उठला तरी आयजीएम वर येते, १ आणि २ हे प्रकार तिला नीट वेगळे करता येत नाहीत, आणि काहीच नसतानाही ती पॉझिटिव्ह येते. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत हर्पिससाठी आयजीएम करू नका असं स्पष्ट म्हटलंय. तरी आपल्याकडे 'हर्पिस प्रोफाइल' म्हणून किंवा गरोदर बायकांच्या 'टॉर्च' नावाच्या संसर्गतपासणीत ती सर्रास होते. बॉर्डरलाइन आयजीएमच्या कागदापायी मोडायला आलेली लग्नं मी पाहिली आहेत. तो कागद एवढ्या लायकीचा नाही.

रिपोर्टवर 'हर्पिस' वाचून कुणी घरात नागिणीचे उपाय सुरू करू नयेत म्हणून सांगतो: नागीण ही हर्पिस झोस्टर, म्हणजे कांजिण्यांचा विषाणू पुन्हा उठणं. घराणं एक, विषाणू वेगळा, आणि तुमच्या प्रश्नाशी तिचा संबंध नाही.

एक विषयांतर करतो, कारण कोल्हापुरात ते विषयांतर राहत नाही. माझ्याकडे तालमीतली पोरं येतात, गालावर, कानामागे, मानेच्या एका बाजूला फोडांचा पुंजका घेऊन. वस्ताद सांगतात मातीची ॲलर्जी, घरचे सांगतात उष्णता. बऱ्याचदा असतो तो एचएसव्ही-१. कुस्तीत गालाला गाल आणि मानेला मान घासते, आणि घासलेल्या कातडीतून विषाणू आत शिरतो. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात शाळकरी पैलवानांचं शिबिर भरलं होतं. तिथं ६० मुलांना, म्हणजे साधारण तीनातल्या एकाला, हा हर्पिस झाला. इंग्रजीत त्याला हर्पिस ग्लॅडिएटोरम असं भारदस्त नाव आहे. अशा मुलाला मी रक्ताची टेस्ट सांगत नाही. फोड ताजा असेल तर स्वॅब, गोळ्या लगेच, आणि निदान पाच दिवस गोळ्या होऊन, नवा फोड न येता सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत आखाड्यात उतरायचं नाही. डोळ्याजवळ फोड असेल तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे. हे इथं सांगायचं कारण, एचएसव्ही-१ पॉझिटिव्ह असलेला माणूस कुठं झोपला होता ते त्या रिपोर्टवरून ठरवता येत नाही. तो खासबागेत लढत होता एवढंही कारण पुरेसं असतं.

आता तुमच्या जळजळीकडे.

जननेंद्रियाचा हर्पिस संसर्गानंतर साधारण २ ते १२ दिवसांत दिसतो, सरासरी चौथ्या दिवसाच्या आसपास. तुमचा आज नववा दिवस, म्हणजे अजून खिडकी बंद झालेली नाही. पहिल्या खेपेला बहुधा आधी मुंग्या, टोचल्यासारखं किंवा जळजळ, मग लालसर जागेवर बारीक पाण्याचे फोड एका ठिकाणी घोळक्यानं, मग ते फुटून उथळ, दुखऱ्या जखमा. सोबत कणकण, अंगदुखी, जांघेत दुखऱ्या गाठी, लघवी करताना आग. पण हे पुस्तकातलं चित्र. ज्याला आधीपासून एचएसव्ही-१ आहे, म्हणजे तुम्ही, त्याला एचएसव्ही-२ची पहिली खेप बरीच सौम्य जाऊ शकते. एखादी चीर, एखादा ओरखडा, केस ओढल्यासारखा लाल ठिपका, चार-पाच दिवसांत गायब. म्हणून चौदाव्या दिवसापर्यंत रोज आंघोळीच्या वेळी चांगल्या उजेडात एकदा बघा. एकदाच. दर तासाला बाथरूममध्ये मोबाईलचा टॉर्च लावून बघणारे, चोळून चोळून कातडी लाल करून घेणारे आणि मग त्या लालीचा फोटो पाठवणारे रुग्ण मला नवीन नाहीत.

काहीही उठलं, फोड असो, चीर असो की जखम, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठा. पहिल्या ४८ तासांत, फोड ओला असताना घेतलेला स्वॅब सगळ्यात खात्रीचा. खपली धरली की विषाणू सापडण्याची शक्यता भराभर कमी होते, आणि मग निगेटिव्ह पीसीआरला फारसा अर्थ उरत नाही. येताना जखमेवर काही लावून येऊ नका. हळद नको, तूप नको, आणि मेडिकलवाल्यानं दिलेली ती तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब तर अजिबात नको. त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा कडक स्टिरॉइड असतं. त्यानं लाली उतरते, मला काही दिसत नाही आणि आतला आजार पसरतो. ॲसायक्लोव्हिर या हर्पिसच्या औषधाच्या मलमाचाही या जागी नाव घेण्यासारखा उपयोग नाही. गोळ्या लागतात, आणि त्या शक्यतो स्वॅब घेऊन झाल्यावर सुरू कराव्यात.

इथं परिस्थितीनुसार मी वेगळं वागतो, तेही सांगतो. पीसीआरचा नमुना आपल्या इथल्या लॅब बहुधा पुण्या-मुंबईकडे पाठवतात. रिपोर्टला काही दिवस जातात आणि खर्चही होतो. फोडांचं चित्र अगदी ठसठशीत असेल तर मी रिपोर्टची वाट बघत नाही, गोळ्या त्याच दिवशी देतो, कारण पहिल्या तीन दिवसांत सुरू केलेल्या औषधाचा फायदा सगळ्यात जास्त. ज्याला पीसीआर परवडत नाही त्याच्या फोडाच्या तळातलं काचपट्टीवर घेऊन झँक स्मिअर बघता येतो. तो स्वस्त आहे, तासाभरात कळतो, पण हर्पिस आणि नागीण यांत त्याला फरक करता येत नाही, १ की २ तेही सांगता येत नाही, आणि बऱ्याच खऱ्या केस त्याच्या हातून निसटतात. तुमच्याबाबतीत मी पीसीआरचाच आग्रह धरीन, प्रकार कळेल अशी. कारण १ आणि २ यांचं पुढचं वागणं वेगळं असतं. जननेंद्रियावरचा एचएसव्ही-१ क्वचित उलटतो, एचएसव्ही-२ पहिल्या वर्षात पुन्हा पुन्हा उठू शकतो. लग्नाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला हा फरक कळलेला बरा.

आणि जे उठेल ते हर्पिसच असेल असं धरून चालू नका. माझ्याकडे 'हर्पिस' म्हणून येणाऱ्यांत एक मोठा गट औषधाच्या ठरावीक जागी उठणाऱ्या ॲलर्जीचा असतो, फिक्स्ड ड्रग इरप्शन. जुलाबाची, तापाची किंवा अंगदुखीची एखादी गोळी घेतली की दरवेळी त्याच जागी, शिश्नाच्या टोकावर, काळपट लाल चट्टा येतो, कधी फोड येऊन सोलतं, बरं झालं तरी काळा डाग राहतो. 'वर्षातनं दोनदा हर्पिस होतोय' म्हणून ॲसायक्लोव्हिर खाणाऱ्या माणसाला 'त्याच्या आदल्या दिवशी कुठली गोळी घेतली होती?' एवढं विचारलं की कोडं सुटतं. गोव्याहून आल्यावर पोट बिघडलं म्हणून तुम्ही काही घेतलं होतं का, आठवून बघा. याशिवाय बुरशी, कंडोमच्या रबराची ॲलर्जी, खरूज, नुसतं साबणानं जास्त धुणं, यांतल्या कशानंही तुम्ही सांगता तशी जळजळ होते. फोड न येता पंधरा दिवस नुसती जळजळ राहिली, तर मी हर्पिसपेक्षा यांच्याकडे आधी बघीन. आणि जळजळ फक्त लघवी करतानाच होत असेल तर गोनोरिया-क्लॅमिडियासाठी लघवीची तपासणी.

समजा काहीच उठलं नाही. मग एचएसव्ही-२ची आयजीजी बारा आठवड्यांनी. तीन आठवड्यांनी नको, सहानेही नको. तेव्हा आलेल्या निगेटिव्हवर विश्वास ठेवता येत नाही आणि तुम्ही ती टेस्ट पुन्हा करणारच. बारा आठवड्यांना निगेटिव्ह आली तर बहुतेक प्रश्न मिटला. मनात खूटखूट राहिली तर सोळाव्या आठवड्याला एकदा, आणि तिथं थांबायचं.

पॉझिटिव्ह आली तर आकडा बघा, नुसता शब्द बघू नका. या टेस्टमध्ये १.१ च्या वर पॉझिटिव्ह धरतात, पण १.१ ते ३ च्या मधले बरेच पॉझिटिव्ह खोटे निघतात. त्या पट्ट्यातला आकडा आला तर दुसऱ्या पद्धतीच्या टेस्टनं खात्री करावी लागते. सगळ्यात भरवशाची समजली जाणारी वेस्टर्न ब्लॉट सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात होते. राजारामपुरीतून तिथं रक्त पाठवणं काही जमण्यासारखं नाही. व्यवहारात मी दुसऱ्या लॅबमध्ये वेगळ्या कंपनीच्या किटवर टेस्ट करून घेतो, आणि काही आठवड्यांनी पुन्हा. खरा नवा संसर्ग असेल तर आकडा बहुधा वर चढतो, खोटा असेल तर तिथंच घुटमळतो.

खरं तर लक्षण नसलेल्या माणसाला मी हर्पिसची रक्ततपासणी सहसा सांगतच नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलानं २०२३ मध्ये पुन्हा हाच सल्ला दिला: लक्षणं नसलेल्यांची सरसकट तपासणी नको, कारण खोट्या पॉझिटिव्हनं होणारं नुकसान फायद्याहून जास्त. 'लग्नाआधी सगळ्या टेस्ट करून टाकू' म्हणून येणाऱ्यांना मी यातून हर्पिस वगळायला सांगतो. तुमच्याबाबतीत अपवाद करतो, कारण जोडीदाराला हर्पिस असल्याचं माहीत आहे, आधीची निगेटिव्ह नोंद हातात आहे, आणि उत्तरावर पुढे एका तिसऱ्या व्यक्तीचं काही अवलंबून आहे.

त्याआधी मात्र एक फुकटची तपासणी शिल्लक आहे. त्या मुलीला विचारा, तिचा हर्पिस कुठल्या प्रकारचा आहे आणि तो स्वॅबवर सिद्ध झाला होता की नुसत्या रक्तावर. तिला एचएसव्ही-१ असेल तर तुमच्याकडे तो आधीच आहे, आणि तोच विषाणू दुसऱ्या जागी नव्यानं लागण्याची शक्यता अगदी कमी. मग बारा आठवड्यांच्या टेस्टलाही फारसा अर्थ राहत नाही. तिला तेव्हा फोड होते का, ती रोज गोळी घेते का, हेही विचारा. फोड नसतानाही विषाणू अधूनमधून कातडीवर येतो, त्यामुळे धोका शून्य नसतो, पण एका वेळच्या संबंधात तो लागण्यापेक्षा न लागण्याची शक्यता बरीच जास्त असते. आणि विचाराल ते नीट विचारा. तिनं न सांगता गप्प बसणं सोपं होतं. स्वतःहून सांगणारी माणसं माझ्या ओपीडीत फार कमी दिसतात.

आता तुम्ही न विचारलेलं. खरं तर माझ्या दृष्टीनं हे हर्पिसच्या आधी येतं.

त्या रात्रीतून हर्पिस आला तर त्रास होईल, जीव जाणार नाही. एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी यांची गोष्ट वेगळी. एचआयव्ही टाळण्याची औषधं, पीईपी, संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. ती वेळ तुमच्या हातून गेली. हे वाचणाऱ्या ज्या कुणाचा आज दुसरा दिवस आहे त्यानं वाचन थांबवून आधी सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, गाठावं. हिपॅटायटिस बीची वेळ मात्र तुमच्याकडे अजून आहे. पूर्वी लस झाली नसेल तर पहिला डोस संबंधापासून चौदा दिवसांच्या आत घ्यावा, म्हणजे तुम्ही तो उद्याच घ्या. पुढचे डोस एक महिन्यानं आणि सहा महिन्यांनी.

एचआयव्हीची एक टेस्ट आत्ता, आधीचं काही नव्हतं हे नोंदवायला. मग पंचेचाळिसाव्या दिवशी लॅबमधली चौथ्या पिढीची टेस्ट, जी अँटिजेन आणि अँटिबॉडी दोन्ही बघते. त्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट भरवशाचा असतो, आणि तुमच्या तारखांप्रमाणे तो लग्नाच्या आठवडाभर आधी हातात येतो. बोटातलं रक्त घेऊन केलेली साधी रॅपिड टेस्ट असेल तर शेवटचा शब्द तीन महिन्यांनी. सिफिलिसचा व्रण १० ते ९० दिवसांत कधीही येऊ शकतो, साधारण तिसऱ्या आठवड्यात, आणि तो दुखत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. त्याची व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही रक्ततपासणी आत्ता, पंचेचाळिसाव्या दिवशी आणि नव्वदाव्या दिवशी. हर्पिस दुखतो म्हणून तुम्ही धावत आलात. न दुखणाऱ्या जखमेलाही तसंच धावत या.

म्हणजे तुमचं वेळापत्रक असं: उद्या लस आणि पहिल्या तपासण्या, चौदाव्या दिवसापर्यंत नजर, काही उठलं तर दोन दिवसांत स्वॅब, पंचेचाळिसाव्या दिवशी एचआयव्ही आणि सिफिलिस, बारा आठवड्यांनी एचएसव्ही-२ आयजीजी, आणि नव्वदाव्या दिवशी सिफिलिसची शेवटची. यातल्या शेवटच्या दोन तारखा लग्नानंतर पडतात. दीड महिन्यात सगळं 'क्लिअर' करून देईल अशी कुठलीही टेस्ट कोल्हापुरात नाही, मुंबईतही नाही. कुणी तशी विकत असेल तर घेऊ नका.

मग लग्नाचं काय? नुसत्या हर्पिसच्या शंकेवरून लग्न पुढे ढकला असं मी सांगणार नाही. पण शेवटच्या टेस्टचं उत्तर येईपर्यंत दरवेळी, सुरुवातीपासून कंडोम, हे मी अट म्हणून सांगतो. हर्पिसमध्ये कंडोम धोका कमी करतो, पूर्ण थांबवत नाही, कारण त्यानं झाकली न जाणारी कातडीही असते. म्हणून खाली काही उठलं असेल किंवा नुसत्या मुंग्या येत असतील, तर त्या दिवसांत कंडोम घालूनही संबंध नको. आणि ओठावर फोड असताना मुखमैथुनही नको. तुमचा लहानपणचा एचएसव्ही-१ त्या वाटेनं बायकोला देता येतो, आणि ती शक्यता तुम्ही गोव्याला गेला नसतात तरीही होतीच.

लग्नाआधी स्वॅब पॉझिटिव्ह आला तर मात्र होणाऱ्या बायकोला लग्नाआधी कळलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. एचआयव्ही किंवा सिफिलिसबद्दल तर प्रश्नच नाही. हर्पिसबाबत मी एवढा ठाम का, याचं कारण बाळंतपणात आहे. एखाद्या बाईला गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जननेंद्रियाचा हर्पिस नव्यानं झाला, तर प्रसूतीच्या वेळी बाळाला लागण होण्याचा धोका ३० ते ५० टक्के असतो, आणि नवजात बाळातला हर्पिस जीवघेणा ठरू शकतो. हाच हर्पिस तिला आधीपासून असेल तर धोका एक टक्क्याच्याही खाली राहतो. म्हणजे नवऱ्याला हर्पिस आहे हे माहीत असलेली बाई आणि तिची डॉक्टर ते तीन महिने सांभाळू शकतात. माहीत नसलेली नाही सांभाळू शकत.

कळल्यावर काय होईल, ही भीती मला समजते. मी सांगू शकतो ते औषधाबद्दल. २००४ मध्ये १,४८४ जोडप्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यांत एकाला एचएसव्ही-२ होता आणि दुसऱ्याला नव्हता. बाधित जोडीदारानं रोज व्हॅलासायक्लोव्हिर घेतल्यावर दुसऱ्याला लागण होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. गोळी, कंडोम आणि उठलेले दिवस टाळणं हे तिन्ही पाळून वर्षानुवर्षं दुसऱ्याला न लागू देणारी जोडपी माझ्याकडे येतात. विषाणू मज्जातंतूंच्या गाठीत बसून राहतो, तो काढून टाकणारं औषध आज नाही. भिंतींवर 'मुळापासून इलाज' रंगवणाऱ्यांकडेही नाही. तिच्याशी बोलायचं ठरवलं आणि सुचत नसेल तर दोघं मिळून या. अशा भेटीत मी बोलतो आणि तुम्ही ऐकता, त्यामुळे सुरुवात तुम्हाला करावी लागत नाही.

जायचं कुठं? ओळखीच्या लॅबवाल्याकडे पुन्हा नको. खाजगी त्वचारोगतज्ज्ञ चालेल, नाहीतर सीपीआरला त्वचा व गुप्तरोग विभागाची ओपीडी आहे. गुप्तरोगांसाठी सरकारी दवाखान्यांत सुरक्षा क्लिनिक असतं आणि एचआयव्हीची तपासणी आयसीटीसी, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, मोफत होते. तिथं तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं ते बंधन घातलंय. रांगेत ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती असते, पण त्वचा विभागाच्या रांगेत गजकर्णवालेच जास्त असतात, तुमच्याकडे कुणी बघत नाही. जाण्याआधी नुसतं बोलायचं असेल तर १०९७ हा टोल फ्री नंबर आहे. आत गेल्यावर 'खाली खाज आहे' म्हणून अर्धवट सांगू नका. संबंध कुठल्या तारखेला आला, तिला हर्पिस आहे, सहाव्या दिवशीचा रिपोर्ट हा, जळजळ दोन दिवसांपासून, मधे कुठल्या गोळ्या घेतल्या, हिपॅटायटिस बीची लस झाली की नाही: एवढं एका दमात सांगा, आणि तपासल्याशिवाय नुसती चिठ्ठी लिहून मिळाली तर तपासा म्हणून सांगा.